घुमट आरतीची मुद्रणे ‘ऑडिओ सीडी’वर उतरवू नका

महोदय,

गोव्यात चतुर्थीला घुमट या मातीच्या चर्मवाद्याच्या साथीने गायिल्या जाणाऱ्या आरत्या आणि भजने आता अनेक हौशी तरुण हातात मावणाऱ्या रेकॉर्डरवर 24 बिट, 96 किलोहर्ट्झ (बिट म्हणजे ध्वनीची पातळी किती बारकाईने मोजली, आणि किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हजार वेळा मोजली) अशा उच्च दर्जात मुद्रित करतात, याचे कौतुकच वाटते. मात्र पुढे घरी तबकडी तयार करताना सवयीने ‘ऑडिओ सीडी’ हा पर्याय निवडला जातो आणि तिथेच तो दर्जा हातचा जातो. या सीडीचे मानक 1980 साली ठरले. ते 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झ एवढेच स्वीकारते, त्यामुळे संगणक मूळ ध्वनी गुपचूप त्या मापात उतरवतो आणि तबकडी यशस्वीपणे तयार झाल्याचे सांगून मोकळा होतो.

ऐकताना हा फरक जाणवत नाही, असे कोणी म्हणेल. संपादन पूर्ण झालेल्या ध्वनीपुरते ते बहुतांशी खरेही आहे. पण घुमट आणि त्याच्या साथीचे शामेळ हे चर्मवाद्य यांचा आघात इतका जोरकस असतो की, आवाज फाटू नये म्हणून रेकॉर्डरची पातळी बरीच खाली ठेवावी लागते आणि मागच्या रांगेतील वयस्कर गायकाचा आवाज त्यात अगदी क्षीण उमटतो. तो नंतर वर आणायचा झाल्यास 24 बिटच्या मुद्रणात पुरेसा वाव असतो. 16 बिटवर आणलेल्या प्रतीत त्याच्यासोबत खरखरही वर येते. (एमपीथ्रीवरून 24 बिटची फाइल केल्याने मात्र गेलेले काहीच परत येत नाही.)

यावर उपाय साधा आहे. मूळ वेव्ह (न दाबलेला ध्वनी) किंवा फ्लॅक (काहीही न गमावता आकार कमी केलेला ध्वनी) फाइली ‘डेटा डिस्क’ म्हणून जशाच्या तशा लिहाव्यात. 24 बिट, 96 किलोहर्ट्झचे दुपदरी (स्टिरिओ) वेव्ह मुद्रण 700 एमबीच्या सीडीवर जेमतेम वीस मिनिटे, तर 4.7 जीबीच्या डीव्हीडीवर सुमारे सव्वादोन तास मावते. फ्लॅकमध्ये काहीही न गमावता याहून अधिक बसते. दिवाणखान्यातील डीव्हीडी प्लेअरवरच ऐकायचे असेल, तर डीव्हीडी-व्हिडिओच्या मानकात याच दर्जाचा असंकुचित (न दाबलेला) ध्वनी चालतो. त्यासाठी स्थिर चित्र जोडून तबकडी बनवून देणारे सॉफ्टवेअर मिळते, मात्र काही प्लेअर डिजिटल जोडणीतून तो 48 किलोहर्ट्झवर उतरवून देतात, हे लक्षात असू द्यावे.

तबकडी लिहून झाल्यावर पडताळणीचा (‘व्हेरिफाय’) पर्याय टाळू नये. घरी लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक तबकड्यांतील थर सेंद्रिय रंगद्रव्याचा असतो. ऊन, उष्णता आणि आपल्याकडचा पावसाळी दमटपणा त्याला मानवत नाही. म्हणून एक प्रत हार्ड डिस्कवरही असावी. सीडीच्या छापील बाजूवर बॉलपेनने लिहू नये, कारण परावर्तक थर त्या बाजूच्या अगदी लगत असतो.

घुमटाला 2019 साली गोवा राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला आहे. तेव्हा देवस्थान समित्यांनी आणि आरती मंडळांनी मुद्रण करणाऱ्यांकडून ऑडिओ सीडीऐवजी मूळ फाइलींची तबकडी मागून घ्यावी आणि त्याच तबकडीवर गाव, तारीख व वादक-गायकांची नावे लिहिलेली एक छोटी फाइलही ठेवून घ्यावी, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला,
एक वाचक, फोंडा