शिबिरातला रविवार

लोणावळा, रविवार रात्र

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी काल संध्याकाळीच मिळाली. टायगर पॉइंट, मेणाचे पुतळे, लोहगड, पवना धरण, आणि प्रत्येकापुढे किती वेळ द्यायचा तेही लिहिलेलं. बाबांच्या ऑफिसात मंत्र्यांचा दौरासुद्धा इतका बारीक आखत नसत. यादीतलं एकही काही केलं नाही. फोन अर्धा तासच हातात देतात, तेवढ्यात सांगून होणार नाही म्हणून लिहितेय.

इथे योगशिबिरात आठवडाभर पहाटे साडेपाचला घंटा. जलनेती, ओंकार, आसनं, प्राणायाम, मग दलिया. चहा नाही. गवती चहाचा काढा मिळतो, पण त्याला चहा म्हणायचं जिवावर येतं. आज मात्र वर्ग नाहीत, फाटकाबाहेर जायला मुभा, रात्रीच्या जेवणाला हजर राहायचं एवढीच अट. तेव्हा सगळ्यात आधी स्टेशनबाहेरची टपरी गाठली आणि लागोपाठ दोन कटिंग मारले. माझ्या खोलीतल्या नागपूरच्या काकू (घोरतात, पण स्वभावाने लाख माणूस) म्हणाल्या, "ताई, आपले सर बघतील हो!" सर मागच्याच बाकावर वडापाव खात बसले होते. त्यांनी हात वर करून नमस्कार केला आणि मिरचीचा तुकडा मोडला.

मग लोकलने एकच स्टेशन, मळवली. एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडून भाज्याच्या वाटेला लागलो. गुडघ्याचं विचारशीलच, म्हणून आधीच सांगते: पायऱ्या हळूहळू चढले, दोनदा बसले, दुखलं नाही. पावसाळ्यातली धबधब्याची झुंबड आता नाही. गवत पिवळं पडलंय, वाटेवर शेळ्या आणि आम्ही दोघी.

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. चैत्यगृहाचा, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनाचा, दर्शनी भाग पूर्वी लाकडाचा होता. तो केव्हाच गेला, खडकात तो बसवायची भोकं तेवढी उरलीत. आतले खांब सरळ उभे नाहीत, किंचित आत कललेत. लाकडी घरात छपराचा भार पेलायला तसे कलते खांब लागायचे. डोंगरच कोरायचा तर त्याची काय गरज? पण हात सुतारकामाला सरावलेले, त्यांनी दगडातही तेच केलं. मी बराच वेळ त्या खांबांकडेच बघत होते. काकू कंटाळून बाहेरच्या स्तूपांकडे गेल्या. तिथे चौदा स्तूप ओळीने आहेत, काही आत, काही उघड्यावर, आणि काहींवर तिथल्या थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं कोरलेली.

विहारातल्या, म्हणजे भिक्खूंच्या निवासातल्या, खोल्या मात्र दोघींनी मिळून पाहिल्या. एवढीशी खोली, आणि झोपायला दगडी ओटा. भिक्खू एरवी गावोगाव फिरायचे, पावसाळ्याचे तीन महिने मात्र एका जागी मुक्काम करायचा असा त्यांचा नियम, वर्षावास. पुढे त्यातूनच मोठाले विहार झाले. काकू त्या ओट्यावर बसल्या, हाताने चाचपून बघितलं आणि म्हणाल्या, "गादी कडक आहे म्हणून आपण काल तक्रार केली ना ताई?" प्यायच्या पाण्याची सोयही खडकातच. इथल्या एका पोढीवर, म्हणजे टाक्यावर, लेख आहे, महारथी कोसिकीपुत विण्हुदत याने ती दान दिल्याचा. राजवाडा नाही, देऊळ नाही, पाण्याचं टाकं दिलं त्याने. मला हा माणूस आवडला.

आता खास तुझ्यासाठी. दक्षिणेकडच्या शेवटच्या विहारात व्हरांड्याच्या भिंतीवर चार घोड्यांचा रथ आहे, हत्तीवर बसलेला कुणी आहे; सूर्य आणि इंद्र म्हणतात त्यांना. तिथेच एक बाई बसून वाद्यं वाजवतेय आणि दुसरी नाचतेय. वाजवणारीच्या पुढ्यात दोन ताल-वाद्यं, एकेका हाताखाली एकेक. बरेच जण तिला तबला वाजवणारी म्हणतात. तो तबलाच की नाही यावर जाणकार भांडोत बापडे, पण बसायची ऐट बघ. तुझी डग्गा-तबल्याची जोडी दहावीपासून माळ्यावर आहे. मी काही म्हणत नाही. तू रविवारीसुद्धा लॅपटॉप उघडून बसतेस, त्यावरही काही म्हणत नाही. नुसतं काय पाहिलं ते सांगतेय.

दुपारी रिक्षाने कार्ल्याला. एकवीरेला रविवारची गर्दी, हारांची दुकानं, ओटीचे नारळ, बसभरून आलेली आगरी-कोळी मंडळी, कुठेतरी ढोल. देऊळ चैत्यगृहाच्या अगदी दारात, त्यामुळे लेण्यात शिरलं तरी घंटा ऐकू येतच राहते. काकूंना तो गोंगाट खटकला. मला नाही. इथे पहिल्यापासून वर्दळच होती. बोरघाटातून बंदरांकडे माल जायचा, आणि लेण्यातले खांबसुद्धा एकट्या राजाने दिलेले नाहीत. धेनुकाकट नावाच्या गावच्या कितीतरी लोकांची नावं त्यांवर आहेत, त्यात यवनही, म्हणजे ग्रीक म्हणवणारेही, आहेत. वैजयंतीच्या भूतपाल शेठीने तर लिहून ठेवलंय की हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम. पैसे दिल्यावर माणूस एवढं म्हणणारच. पण सुमारे ४५ मीटर लांब आणि १४ मीटर उंच दालनात उभं राहिलं की त्याचं खोटं वाटत नाही. छताला सागवानी फासळ्या आहेत, त्या काळातल्या. दोन हजार वर्षं लाकूड टिकलंय, आणि आपल्या बाल्कनीचं दार तीन पावसाळ्यांत फुगलं!

आत एका खांबाला टेकून उरणची एक कोळीण बसली होती. पायातल्या चपला शेजारी, डोळे मिटलेले. मी विचारलं, दर्शन झालं का. म्हणाली, "कवाच झाला. आता थंड बसलंय." दरवर्षी येते. त्या दिवशी मासळीची पाटी कोण बघणार, ते घरच्यांनी बघायचं, ती विचारतसुद्धा नाही. मीही तिच्या बाजूच्या खांबाला टेकले. आठवडाभर "शरीर सैल सोडा, विचार येऊ द्या, जाऊ द्या" ऐकून जे जमलं नाही ते तिथे आपसूक जमलं, चक्क डुलकी लागली. काकूंनी हलवून उठवलं.

योगाला पुरावा काय, असं तू मागे विचारलं होतंस. याच गावात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. योगक्रिया करताना शरीरात काय होतं ते यंत्रं लावून तपासायचं, हाच त्यांचा ध्यास. त्याच वर्षी 'योगमीमांसा' नियतकालिकही सुरू केलं. तेव्हा शंका काढणारी तू पहिली नाहीस, एवढंच.

डिसेंबरात येशील तेव्हा मला यादी नको आणि तुलाही नको. सकाळी उठून कुठली लोकल मिळते ते बघू, नाहीतर घरीच बसू.

जेवणाची घंटा झाली. आज दुधी आहे, वासावरून कळतंय.

तुझी,
आई

ता. क. शेंगदाण्याची चिक्की अर्धा किलो घेतलीय. बाबांना बोलू नकोस, त्यांची साखर परवाच कुठे जागेवर आलीय.