जाहिरातीतले सायप्रस नेमके कुठले?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की फोंड्यापासून पेडण्यापर्यंत ‘युरोपात शिका’चे फलक झळकतात. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाला यंदा अशाच एका एजंटाने सायप्रसमधल्या कॉलेजात हॉटेल मॅनेजमेंटला प्रवेश मिळवून दिला. आगाऊ रक्कम भरून झाल्यावर त्याचे वडील कागद दाखवायला आले. माझी सारी नोकरी टपाल खात्यात झाली, त्यामुळे नजर आधी पत्त्यावर. शेवटची ओळ होती ‘मर्सिन १०, तुर्कस्तान’. सायप्रसच्या कॉलेजाला तुर्कस्तानचा पत्ता कशाला?

कॉलेज उत्तर सायप्रसमध्ये आहे म्हणून. जागतिक टपाल संघात त्या भागाला स्थान नाही. तिथले टपाल तुर्कस्तानातल्या मर्सिनच्या नावाने फिरते. १९७४ मध्ये ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठबळाने सायप्रसमध्ये उठाव झाला, पाठोपाठ तुर्की फौज उतरली आणि बेटाचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग तिच्या ताब्यात गेला. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी तिथे स्वतंत्र प्रजासत्ताक घोषित झाले. तीनच दिवसांत सुरक्षा परिषदेने ठराव ५४१ करून ती घोषणा बेकायदा ठरवली. आजवर मान्यता दिली ती एकट्या तुर्कस्तानने. (शांतिसेनेचे नेतृत्व करताना आपले जनरल थिमय्या १९६५ मध्ये याच बेटावर वारले. म्हणजे बेटावरचे ग्रीक-तुर्की भांडण त्याहून जुने.)

तिथल्या लोकांचा दावा खरा की खोटा, हा माझा विषय नाही. २००४ च्या सार्वमतात एकीकरणाच्या योजनेला उत्तरेने होकार दिला होता आणि दक्षिणेने नकार, हेही विसरू नये. प्रश्न आपल्या मुलांचा आहे. उत्तरेतल्या एर्जान विमानतळावर विमाने येतात ती तुर्कस्तानमार्गेच. तिथे उतरणे हा सायप्रस सरकारच्या लेखी बेकायदा प्रवेश. चलन लिरा; सायप्रस युरोपीय संघात असले तरी संघाचे कायदे तिथे स्थगित. भारताचे उच्चायुक्तालय दुभंगलेल्या राजधानीच्या, निकोसियाच्या, दक्षिण भागात, म्हणजे उत्तरेतल्या भारतीय पासपोर्टवाल्या मुलाला अडचणीत ताबारेषेपलीकडे तिथवर सरळ चालत जाता येणार नाही.

गोव्यात यात आणखी एक मेख आहे. ‘अमक्याचा मुलगा गेला, दोन्हीकडे फिरतो’ असे एजंट सांगतो, ते खोटे नसते. त्या मुलाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असतो. युरोपीय नागरिक म्हणून तो निकोसियातल्या लेड्रा स्ट्रीटच्या नाक्यावरून दोन्ही भागांत ये-जा करतो. आमच्या शेजाऱ्यांकडे तो पासपोर्ट नाही, आणि हा फरक त्यांना पैसे भरण्याआधी कोणी सांगितला नाही. विचारले तेव्हा एजंट म्हणाला, “बेट एकच ना!”

परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते. प्रवेश मिळवून देणारा त्यातून सुटतो. ही फट केंद्राने बुजवावी. ते होईल तेव्हा होईल. तोवर गोव्याच्या अनिवासी भारतीय आयोगाने एवढे तरी करावे: मुलाचे विमान कोणत्या विमानतळावर उतरणार आणि त्या भागात भारताचे कार्यालय आहे की नाही, हे पैसे घेण्यापूर्वी लेखी देण्याची सूचना एजंटांना द्यावी, आणि तसा इशारा मराठी-कोंकणीतून उच्च माध्यमिक शाळांच्या फलकांवर निकालाच्या आधी लावावा.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
म्हार्दोळ, फोंडा