आप्पाची फाईल

सातपूर, नाशिक
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आप्पा गेल्याचं तुला फोनवर कळलंच. अस्थी रामकुंडात सोडल्या, दशक्रियाही तिथेच झाली. तुला येता आलं नाही, पण वहिनींच्या मनात त्याबद्दल काही नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

टूलरूममध्ये डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, उतरवणारे आता बरेच आहेत, पण बर, म्हणजे कापलेल्या कडेला उरणारी खरखरीत किनार, वाचणारा तो एकच होता. प्रेसमधून पहिला पीस पडला की आप्पा त्याच्या कडेवरून आधी अंगठ्याचं नख फिरवायचा, गेज नंतर. चहूबाजूंनी बर सारखी जाड लागली तर पंचाची, म्हणजे डायमध्ये शिरून पत्रा कापणाऱ्या भागाची, धार गेली. एकाच अंगाला जाड लागली तर पंच सरकलाय, त्या अंगाचा क्लिअरन्स, म्हणजे पंच आणि डायमधली फट, वाढलाय. मग कितीही धार लावा, उपयोग नाही, आधी अलाइनमेंट. दोन एमएमच्या माइल्ड स्टीलला तो एका बाजूस शंभर मायक्रॉन धरायचा. ग्राइंडिंगला बसला की एका फेरीला दहाच मायक्रॉन, आणि कूलंटची धार तुटू द्यायची नाही. घाई करणाऱ्याचा पंच निळा पडतो, तेवढ्या भागाचा कडकपणा उतरतो आणि दोन दिवसांत कोपरा उडतो. जेवढं घासलं तेवढ्या जाडीची शिम, म्हणजे पातळ पट्टी, पंचामागे घालायची, नाहीतर पंच डायमध्ये कमी शिरतो. शिमची जाडी आणि तारीख तो डायच्या अंगावर मार्करने लिहायचा. ती अक्षरं रॅकवर अजून आहेत, कोणी पुसलेली नाहीत.

घरीही तोच स्वभाव. बुधवारी सुट्टी झाली की गोदाघाटावरच्या बाजारात. मेथीची जुडी मधोमध उघडून बघायचा, कारण वरची पानं हिरवीगार असली तरी आतली दबून पिवळी पडलेली असतात. भाजीवाल्या बायका वैतागायच्या. पण निवडायलाही तोच बसायचा, लेकीला शेजारी घेऊन, तिचे पाढे ऐकत.

कारखान्यात कोणी दगावलं की त्या घरची कागदपत्रं आप्पाच बघायचा. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत, कारण तोवर ती मोफत होते, पुढे दंड आणि परवानग्या. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्यायच्या. मग पीएफचा दावा. पूर्वी पैशाला फॉर्म २०, पेन्शनला १०-डी आणि पीएफसोबतच्या विम्याला ५-आयएफ असे वेगवेगळे भरावे लागत, आता तिन्हींचा एकच अर्ज आहे. या विम्याचा हप्ता कामगाराच्या पगारातून कापला जात नाही, म्हणून तो आहे हेच घरच्यांना ठाऊक नसतं. रक्कम ७ लाखांपर्यंत जाते, आणि लोक ती मागतच नाहीत! विधवेच्या पेन्शनशिवाय दोन मुलांना पंचविशीपर्यंत तिच्या पेन्शनच्या २५ टक्के प्रत्येकी, हेही तोच सांगायचा.

दावा अडतो कुठे, तर फालतू जागी. आधारवर एक स्पेलिंग, पीएफमध्ये दुसरं. नॉमिनी लग्नाआधीचा, बदललेलाच नाही. किंवा नोकरी संपल्याची तारीख आणि त्यापुढे ‘मृत्यू’ हे कारण कंपनीने भरलेलंच नाही. ते भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, आणि बिचारी बाई चकरा मारत राहते.

त्याची स्वतःची फाईल वहिनींनी परवा काढली. सगळं जागच्या जागी. नॉमिनेशन वहिनींचं आणि लेकीचं, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, वर पेन्सिलने क्रमांक घातलेले.

गाडी एकाच ठिकाणी अडलीय, म्हणूनच हे पत्र. ग्रॅच्युइटीच्या हिशेबात कंपनीने त्याची रुजू तारीख दोन वर्षं उशिराची धरलीय. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले वर्षं. म्हणजे दोन वर्षांचे तीस दिवस बुडतात, महिन्याच्या पगाराहून जास्तच. मृत्यू झाला तर पाच वर्षं नोकरीची अट नसते, पण वर्षं तर खरी मोजली पाहिजेत ना. पीएफच्या पासबुकात वर्गणी पहिल्या महिन्यापासून दिसते, तो पुरावा जोडतोच आहोत. फाईलमध्ये फक्त त्याचं नेमणूकपत्र नाही. त्या पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरलं होतं, त्यात गेलं असणार.

तुम्ही दोघं एकाच दिवशी लागलात. तुझं नेमणूकपत्र असेलच, तू कागद टाकणाऱ्यातला नाहीस. जावक क्रमांक आणि सही स्पष्ट येईल अशी दोन्ही बाजूंची झेरॉक्स स्पीड पोस्टाने वहिनींच्या पत्त्यावर पाठव. मोबाईलवरचा फोटो चालणार नाही, ऑफिसात तो धूसर म्हणून परत करतात.

आणखी एक. त्याच्या टूलबॉक्समध्ये तुझा मायक्रोमीटर निघाला. तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेला, वर तुझ्या नावाची चिठ्ठी. येशील तेव्हा घेऊन जा, तोवर बॉक्स लेकीच्या टेबलाखाली आहे.

तुझाच,
टूलरूममधला सोबती