ओवीचा मृग

मुलुंड, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, गुडघ्याचं तेल पाठवलंय, मिळालं की कळव.

परवा रात्री मुलांना एका कॉलेजच्या गच्चीवरच्या वेधशाळेत घेऊन गेले होते. वरळीचं तारांगण त्यांनी पाहिलंय, पण तिथलं आकाश घुमटावर उमटवलेलं. खऱ्या आकाशाला दुर्बीण लावायची ही पहिलीच वेळ. मुंबईच्या झगमगाटात तारे मोजकेच दिसतात, तरी गुरू चांगला ठळक होता.

अथर्वचा डोळा पोचेना, म्हणून त्याला स्टुलावर उभं केलं. गुरू आणि त्याच्या अंगालगत एका रेषेत चार ठिपके. गॅलिलिओने 1610 मध्ये पाहिलेले चंद्र ते हेच. मग तिथल्या ताईंनी मुद्दाम दुर्बिणीची मोटर बंद केली. गुरू सरकत सरकत कडेला गेला आणि दिसेनासा झाला. "पळाला!" अथर्व ओरडला. ताई म्हणाल्या, "तो नाही रे, आपण फिरतोय." पृथ्वी फिरते हे त्याने पुस्तकात घोकलंय, पण त्या क्षणी त्याने स्टुलावर पाय असे घट्ट रोवले की बघत राहावं!

ओवीचं वेगळंच. ताईंनी मृग दाखवला, तर ही म्हणते, "आजोबांचा मृग तर सात जूनला लागतो. मग आत्ता थंडीत तो इथे कसा?" बाबा, मला इतका आनंद झाला! तुमचं पेरणीचं बोलणं तिने मनात धरून ठेवलंय. ताईंनी समजावलं की जूनमध्ये सूर्यच मृगाच्या बाजूला असतो, त्यामुळे मृग त्याच्यासोबत उगवतो आणि मावळतो, उजेडात दिसत नाही. पृथ्वी सूर्याभोवती अर्धी फेरी मारून पलीकडे गेली की तोच मृग रात्रभर डोक्यावर. तिला अर्धंच कळलंय. उरलेलं तुम्ही सांगा, कारण कुठल्या नक्षत्रात पाऊस कसा पडतो हे तुमच्याइतकं मला येत नाही.

मृगाच्या पोटातल्या बाणाची रेघ पुढे ओढली की व्याध. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षांहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे आज दिसणारा उजेड ओवीच्या जन्माच्या सुमारास तिथून निघालेला. हे ऐकल्यापासून ती व्याधाला 'माझा तारा' म्हणते.

मुलांना महागडी दुर्बीण घेऊन द्यावी असं मला वाटत नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रं ओळखता यायला हवीत, आणि त्यासाठी आपलं अंगण पुरे. मे महिन्यात आम्ही येतो तेव्हा रात्री सप्तर्षी छान वर असतात. वसिष्ठाशेजारची अरुंधती मुंबईतून काही दिसत नाही, ती मुलांना दाखवा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला ती स्पष्ट दिसते का, तेही बघू. ओसरीवरचा दिवा तेवढा मालवायचा. आई, गोधड्या उन्हात घालून ठेव, मुलं अंगणातच झोपणार म्हणतायत.

तिकिटं काढली की फोन करते.

तुमची,
मनीषा