सुमितचा राहिलेला पेपर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

सुमितचा इथल्या, अमेरिकेच्या विमान मेकॅनिक लायसन्सच्या परीक्षेतला एअरफ्रेमचा, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा, पेपर राहिला. शंभरपैकी ६६ बरोबर आले, लागतात ७०. बाबा, तुम्ही विचारलंत की तो नागपूरला परत येऊन मिहानमध्ये विमानांच्या देखभालीच्या कामाला लागेल का. भारतीय नोंदणीच्या विमानाच्या दुरुस्तीवर सही करायला डीजीसीएचं, म्हणजे आपल्याकडच्या विमान वाहतूक खात्याचं, लायसन्स लागतं, अमेरिकेचं चालत नाही. डीजीसीएच्या प्रत्येक मॉड्यूलला (पेपरला) ७५ टक्के हवेत. तेव्हा तो रस्ता जवळचा नाही. इथलं आधी पूर्ण होऊ द्या.

पुन्हा बसायला ३० दिवस थांबावं लागतं. लायसन्स असलेल्या मेकॅनिकने राहिलेले विषय शिकवून तसं सहीनिशी लिहून दिलं, तर आधीही बसता येतं. तशी सही मिळेलही, पण घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

निकालपत्रावर चुकलेले प्रश्न नसतात, नुसते कोड असतात. अभ्यासक्रमात कोड शोधला की विषय सापडतो. सुमितचे बहुतेक कोड पत्र्याच्या कामाचे आणि हायड्रॉलिक्सचे (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचे) निघाले. दोन्हीकडे त्याने प्रश्नसंच पाठ केला होता. खरे प्रश्न एफएए (इथलं विमान वाहतूक खातं) जाहीर करत नाही, आकडा बदलला की पाठांतर संपलं.

रिव्हेटचंच, म्हणजे पत्रे जोडायच्या खिळ्याचंच, बघा. व्यास जाड पत्र्याच्या तिप्पट. पत्रा ०.०४० इंचाचा असेल तर ०.१२०, म्हणून १/८ इंचाचा रिव्हेट. ठोकल्यावर डोकं व्यासाच्या दीडपट रुंद, अर्धा उंच: ३/१६ आणि १/१६. कमी ठोकला तर जोड सैल राहतो, जास्त ठोकला तर डोकं तडकतं. कडेपासून निदान दोन व्यास अंतर, नाहीतर पत्रा कडेला फाटतो. हे भंगार पत्र्यावर वीस-पंचवीस रिव्हेट ठोकून, मोजूनच डोक्यात बसतं. हायड्रॉलिक्समध्ये त्याने लाल खनिज तेल आणि जांभळं स्कायड्रॉल यांच्या सीलची गल्लत केली. चुकीचं तेल पडलं की सील फुगतात आणि गळती लागते. एफएएची पुस्तकं मोफत आहेत, त्यातून हे दोन भाग तो पुन्हा करेल.

चुकलेले कोड पुढच्या तोंडी परीक्षेतही विचारतात, म्हणून हे नीट शिकणं टाळता येणार नाही. मुदत आहे: सगळ्या परीक्षा २४ महिन्यांत व्हायला हव्यात. त्याचा जनरल हा पहिला पेपर २०२५च्या ऑगस्टमध्ये झाला, म्हणजे २०२७च्या ऑगस्टपर्यंत.

आई, रोज फोनवर 'झाला का अभ्यास' विचारू नकोस गं. रविवारी बोल, जेवणाचं विचार. बाबा, फीची काळजी नको, यावेळी मी भरते. निकालपत्राची मूळ प्रत पुढच्या वेळी केंद्रावर दाखवावी लागते, ती मी माझ्या फायलीत लावून ठेवली आहे.

तुमची,
मनू