समासातल्या पेन्सिलीच्या खुणांबद्दल

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

हे पत्र खरे तर घरी येऊन आपल्या हाती द्यायला हवे होते. परंतु इतिहासाच्या अपरिचित वळणांवरील माझ्या लेखमालेचे जे कौतुक सध्या होत आहे, त्यातला मोठा वाटा आपला आहे आणि तो सर्वांसमक्ष आपल्या पदरात घालावा, असे मला वाटले. नाव छापायचे नाही, ही आपली ताकीद पाळली आहे.

मी हस्तलिखित आपल्याकडे दिले तेव्हा त्यातले बहुतेक लेख एकाच साच्यातून काढलेले होते: एक क्षुल्लक घटना, एक योगायोग, आणि त्यामुळे उलटेपालटे झालेले जग. तीन आठवड्यांनी ते परत आले, तेव्हा समासात बारीक पेन्सिलीने एकच प्रश्न पुन्हा पुन्हा लिहिलेला होता: "आणि हे घडले नसते तर?" मला आधी रागच आला, हे आज कबूल करते. इतिहासात जर-तरला जागा नसते, हे वर्गात आपणच शिकवले होते. त्या प्रश्नाचा उपयोग स्वप्ने रंगवण्यासाठी नसून कारणे पारखून घेण्यासाठी आहे, हे सारायेव्होवरचा लेख नव्याने लिहायला बसले तेव्हा उमगले.

त्या लेखात मी 28 जून 1914 ची ती प्रसिद्ध गोष्ट सांगितली होती: ऑस्ट्रिया-हंगेरीचे युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांच्या गाडीचा चालक रस्ता चुकतो आणि नेमका त्याच कोपऱ्यावर त्यांचा मारेकरी गावरीलो प्रिन्सिप सँडविच खात उभा असतो. सँडविचवर आपण काट मारली होती, आणि ते योग्यच होते, कारण त्या काळच्या कोणत्याही साक्षीत त्याचा उल्लेख नाही. पण त्याहून महत्त्वाची खूण "चुकतो" या शब्दाखाली होती. सकाळी प्रिन्सिपचा साथीदार नेदेल्को चाब्रिनोविच याने फेकलेल्या बॉम्बने मागच्या गाडीतले अधिकारी जखमी झाले, त्यांना भेटण्यासाठी आर्चड्यूकने नगरभवनातून निघताना रुग्णालयात जायचे ठरवले, आणि त्यामुळे बदललेला मार्ग चालकापर्यंत पोहोचलाच नाही. लॅटिन पुलापाशी त्याने गाडी वळवली ती आधी जाहीर झालेल्या मार्गानेच. आणि प्रिन्सिप तिथे उभा होता तोही तो मार्ग जाहीर झालेला होता म्हणून. गव्हर्नर पोटिओरेक यांनी चूक लक्षात आणून दिली, गाडी थांबली, आणि ती थांबली ती प्रिन्सिपपासून दोन पावलांवर. म्हणजे योगायोग होता तो तेवढ्या थांबण्यापुरता. मारेकरी एकटा नव्हता. त्या दिवशी मार्गावर अर्धा डझन जण पेरलेले होते. हत्येपासून पहिल्या महायुद्धाला तोंड फोडणाऱ्या 28 जुलैच्या युद्धघोषणेपर्यंत महिना गेला, आणि त्या महिन्यातले निर्णय कोणत्याही चालकाने घेतलेले नव्हते. माझ्या मूळ लेखात या महिन्यावर एक ओळ होती. आता अर्धा लेख त्यावर आहे.

मध्य आशियातल्या तलासच्या लढाईचा लेख तर जवळजवळ मोडूनच पडला. इसवी सन 751 मध्ये अरबांच्या अब्बासी खिलाफतीच्या सैन्याने चीनच्या तांग राजवटीचा सेनापती काओ श्येनचर याचा पराभव केला, चिनी युद्धकैद्यांनी समरकंदला कागद बनवण्याची कला नेली, आणि चीनचे पश्चिमेकडे पसरणे तिथेच थांबले, असे मी ठासून लिहिले होते. मध्य आशियातल्या सोग्दी व्यापाऱ्यांची कागदावर लिहिलेली पत्रे चौथ्या शतकातली आहेत, एवढेच आपण समासात नोंदवले होते. म्हणजे कागद तिथे लढाईच्या कितीतरी आधी ठाऊक होता. पुढचे मला शोधावे लागले: तांग साम्राज्याने मध्य आशियातून काढता पाय घेतला तो मुख्यतः 755 मध्ये आन लूशानच्या बंडाने घर पेटल्यामुळे. पराभव खरा, परंतु त्याला वळण ठरवले ते नंतरच्यांनी. बर्लिनच्या लेखाला मात्र आपण फारसा धक्का लावला नाही. 9 नोव्हेंबर 1989 च्या पत्रकार परिषदेत पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की प्रवासाच्या नव्या नियमांबद्दल "ताबडतोब, विनाविलंब" असे बोलून गेले नसते, तर भिंत त्याच रात्री उघडली नसती. लाइपझिगचे सोमवारचे मोर्चे आणि हंगेरीने खुली केलेली सरहद्द पाहता ती फार काळ टिकलीही नसती. त्या चुकीने तारीख ठरवली, एवढे तिचे श्रेय.

एका बाबतीत मात्र मी आपले ऐकलेले नाही. सात वर्षांच्या युद्धात प्रशियाविरुद्धच्या युतीत रशियाही होता. जानेवारी 1762 मध्ये रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ वारली आणि प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचा निस्सीम चाहता असलेला तिसरा पीटर गादीवर आला. मे महिन्यात तह झाला आणि घायकुतीला आलेला प्रशिया वाचला. "युतीत आधीच फूट पडलेली होती," असे आपण लिहिले होते, आणि ते खरेही आहे. तरीसुद्धा सम्राज्ञी आणखी वर्षभर जगती तर प्रशियाचे काय झाले असते, या प्रश्नाचे मला एकच उत्तर दिसते. काही वळणांना खरोखरच एक मृत्यू पुरतो. तो लेख मी होता तसाच ठेवला आहे. आपण रागावणार नाही, याची खात्री आहे.

सर्वांत जास्त ऋणी मी आपण सुचवलेल्या दोन लेखांबद्दल आहे. पहिला फ्रान्सेस केल्सी यांच्यावरचा. 1960 मध्ये त्या अमेरिकेच्या औषध प्रशासनात रुजू झाल्या आणि लगेचच त्यांच्या टेबलावर थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाच्या विक्रीची परवानगी मागणारा अर्ज आला. कंपनीने तगादा लावला, पण त्या दर वेळी अधिक माहिती मागत राहिल्या. या औषधाने हातापायांच्या नसांना इजा होते, असे एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातले पत्र वाचल्यावर त्यांनी गर्भावरील परिणामांचाही पुरावा मागितला. नोव्हेंबर 1961 मध्ये जर्मनीत औषध मागे घेतले गेले, तोवर जगभर हजारो मुले व्यंग घेऊन जन्मली होती. अमेरिकेतही डॉक्टरांना वाटलेल्या नमुन्यांमुळे काही मुलांना त्याची झळ पोहोचली. औषध परिणामकारक असल्याचा पुरावा विक्रीआधी द्यावा, असा कायदा तिथे 1962 मध्ये झाला. न घडलेल्या गोष्टीला वळण म्हणता येते, हे मला या लेखाआधी सुचलेच नव्हते.

दुसरा लेख मीठ, साखर आणि पाण्याचा. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलराची) साथ पसरली, शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांपर्यंत खाली आले. इथेही माझी लेखणी "एका डॉक्टरच्या धाडसा"कडे धावली, आणि इथेही आपला प्रश्न आडवा आला. ग्लुकोज सोबत असले की आतडे मीठ आणि पाणी शोषून घेते, हे संशोधकांना 1960 च्या दशकात कळलेले होते. ढाक्यात 1968 मध्ये त्याची रुग्णांवर चाचणीही झालेली होती. महालनबीस नसते तर कृती उपलब्ध असतीच. मग बदलले काय? हे पाणी पाजायला तज्ज्ञ लागतो, अशी समजूत होती. बनगावात नळ लावलेल्या पिंपांतून पेले भरून ते रुग्णांना पाजले ते त्यांच्या आयांनी आणि नातेवाइकांनी. ज्ञान प्रयोगशाळेतून निघून आईच्या हातात आले, तो क्षण मी वळण मानते. 'लॅन्सेट'ने 1978 मध्ये या उपचाराला विसाव्या शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. आपला प्रश्न नसता, तर मी डॉक्टरांची आरती ओवाळून मोकळी झाले असते आणि पिंपाजवळ बसलेल्या त्या बाया लेखात आल्याच नसत्या.

शेवटचा लेख अजून अपुरा आहे. डिसेंबर 1241 मध्ये मंगोलांचा सम्राट ओगदेई खान वारला म्हणून 1242 मध्ये मंगोल सैन्य हंगेरीतून परतले, असे मी लिहिले होते, त्यावर आपली खूण आहे, "बातमी वेळेत पोहोचली होती का?" दलदल झालेली कुरणे आणि हाती न लागलेले दगडी किल्ले, अशी इतर कारणेही अभ्यासक मांडतात, आणि त्यांत मी पुरती अडकले आहे. पुढच्या रविवारी सकाळी तो घेऊन येते. समास नेहमीपेक्षा रुंद सोडला आहे.

आपली कृतज्ञ,
एक जुनी विद्यार्थिनी