लेवीयमध्ये अडकलेल्या मुलास

राहुरी,
रविवार दुपार

प्रिय बाळा,
सप्रेम जय ख्रिस्त.

तुझा मेसेज परवा रात्री आला आणि वाचून मला हसू आलं, त्याची आधी माफी मागते. ‘मम्मी, बायबल वाचताना लेवीय १३ वर अडकलोय. अकरा दिवस मागे पडलोय, ॲप रोज लाल दाखवतं. देव माझ्याशी बोलतोय असं मला काही वाटत नाही.’ शेवटचं वाक्य हसण्यासारखं नाही, तेवढं मला कळतं. म्हणून तर फोनवर उरकलं नाही. फोनवर तू नुसतं ‘हो मम्मी, हो मम्मी’ करतोस आणि तेवढ्यात तुला कुणीतरी मीटिंगला बोलावतं.

आधी तुझ्या वर्षभरात बायबल वाचायच्या ॲपच्या त्या लाल रंगाचं बघू. बायबलचे अध्याय ११८९. वर्षात संपवायचे तर दिवसाला तीन-चार होतात. पहिली दोन पुस्तकं घे, उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे निम्मे गोष्टींच्या जोरावर निघून जातात. मग निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची मापं येतात, पडदे, आकडे, कड्या, आणि जानेवारी संपता संपता तिसरं पुस्तक, लेवीय, दारात उभं. दर ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या भक्तीत ‘यंदा सगळं बायबल वाचणार’ म्हणून हात वर होतात. त्यातले किती ईस्टरपर्यंत टिकले हे आमच्या पाळकसाहेबांनी आजवर एकदाही विचारलेलं नाही. शहाणे आहेत.

तुझ्या पणजीचं बायबल माझ्या कपाटात आहे, तू लहानपणी त्यावर पेन्सिल चालवली होतीस ते. ती केडगावला मुक्ती मिशनमध्ये वाढली, त्यामुळे तिचं बायबल पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचं. चाळिशी उलटल्यावर रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ मध्ये मरेपर्यंत त्या कामाला जुंपून राहिल्या, कशासाठी, तर खेड्यातल्या साध्या बाईला कळेल असं मराठी शास्त्र असावं म्हणून. छपाईचे खिळे जुळवले, छापलं, बांधलं तेही तिथल्याच बायकांनी. परवा मी ते काढून पाहिलं. स्तोत्रसंहितेच्या पानांच्या कडा बोटांनी काळ्या झाल्यात, २३ व्या स्तोत्रावर हळदीचा डाग आहे, योहानाच्या चौदाव्या अध्यायाचं पान सुटून आलंय. आणि लेवीय? पांढरं शुभ्र. रोज पहाटे चुलीपुढे बसून वाचणारी बाई, पण तिचंही लेवीय कोरंच होतं बरं का. तेव्हा अकरा दिवसांचं ओझं आजच खाली ठेव.

पण गंमत बघ, माझं जमलं ते नेमकं तू जिथे अडकलास तिथूनच.

नर्सिंगच्या वसतिगृहात आम्हाला सकाळी सहाला वाचन सक्तीचं होतं. नाइट करून आलेल्या मुली भिंतीला टेकून डुलक्या घ्यायच्या, त्यात मीही. एका उन्हाळ्यात क्रमाने लेवीय आलं. तेरावा अध्याय तेवढा मी जागी राहून ऐकला, कारण ते आमच्याच धंद्यातलं होतं. अंगावर चट्टा दिसला तर याजकाने, म्हणजे पुरोहिताने पाहावा. त्यातले केस पांढरे झालेत का, चट्टा कातडीपेक्षा खोल दिसतो का? शंका असेल तर सात दिवस वेगळं ठेवावं, सातव्या दिवशी पुन्हा पाहावं, गरज पडली तर आणखी सात दिवस. फिका पडला, पसरला नाही, तर माणूस शुद्ध, त्याने कपडे धुऊन घरी जावं. मला ती केस-शीटच वाटली. (हा रोग म्हणजे आपला आजचा कुष्ठरोगच असं मात्र समजू नकोस. तिथे तो कापडाला आणि घराच्या भिंतींनाही होतो.) ज्याचं निदान पक्कं, त्याने कपडे फाडायचे, ओठ झाकायचा, ‘अशुद्ध! अशुद्ध!’ ओरडत जायचं आणि छावणीबाहेर एकटं राहायचं. तू इथे थांबलास. मला वाटतं कुणीही इथेच थांबेल. इतकं वाचून झाल्यावर देव प्रेमळ आहे असं कोण म्हणेल?

पुढचा अध्याय वाच. चौदाव्याच्या तिसऱ्याच वचनात लिहिलंय की याजकाने छावणीबाहेर जावं. बरा झालेल्याने आत येऊन दार ठोठावायचं नाही, याजकानेच त्याच्याकडे जायचं. मग दोन पाखरं, त्यातलं एक मोकळ्या रानात सोडून द्यायचं. मग अर्पणाचं रक्त, आणि नंतर तेल, त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावायचं. आता सहा अध्याय मागे जा. पहिल्या महायाजकाला, अहरोनाला, आणि त्याच्या मुलांना याजक म्हणून नेमलं, तेव्हा मोशेने रक्त लावलं ते ह्याच तीन जागी. काल ज्याच्या सावलीला कुणी उभं राहत नव्हतं, त्याला आज महायाजकाच्या खुणा.

कान आणि अंगठे. आम्ही कुष्ठरोग्याचा स्मिअर, म्हणजे तपासायचा नमुना, घ्यायचो तो कानाच्या पाळीतून. रोग आधी तिथे जाड दिसतो. आणि संवेदना जाते ती हातापायांच्या बोटांची. हा आपला माझा विचार, कुठल्या टीकाग्रंथात वाचलेला नाही, पाळकसाहेबांसमोर बोलू नकोस.

हे सगळं मला तेव्हा कळलं असं समजू नकोस. तेव्हा झोपच येत होती. कळलं ते वर्षभराने.

नोकरीचं ते पहिलंच वर्ष. कुष्ठरोगावरच्या एमडीटीच्या, म्हणजे अनेक औषधं एकत्र द्यायच्या, गोळ्या नुकत्या सुरू झाल्या होत्या. औषध सुरू झालं की संसर्ग थांबतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तरी वॉर्डातल्या एका ऊसतोड कामगाराच्या तळहातावर मी गोळी वरून टाकायचे, वीतभर अंतरावरून. त्याची बोटं वाकडी झालेली, गोळी घरंगळून कॉटखाली जायची. मी दुसरी कागदात घालून पुढे सरकवायचे. एक दिवस तो म्हणाला, ‘सिस्टर, खाली पडली की मला ती उचलता येत नाही.’ रागाने नाही, ‘आज ऊन फार आहे’ म्हणावं तसं.

त्या रात्री मला तेराव्या अध्यायातलं ‘अशुद्ध, अशुद्ध’ आठवलं नाही. आठवला तो अंगठा. अर्धवट झोपेत ऐकलेलं वचन, कुठे जाऊन बसलं होतं कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी त्याचा हात खालून माझ्या हातात घेतला, गोळी अंगठ्याजवळ ठेवली आणि बोटं मिटवून दिली. तो काही बोलला नाही. पाणी मागितलं. आणि खरं सांगू? ड्युटी संपल्यावर मी हात दोनदा धुतले. एका दिवसात कुणी संत होत नाही.

म्हणून तुझ्या त्या शेवटच्या वाक्याला माझं उत्तर एवढंच आहे. चाळीस वर्षं वाचतेय, मलाही देवाचा आवाज कधी ऐकू आलेला नाही. पण त्याच्या सवयी कळत गेल्या. तुझ्या पप्पांची लूना गल्लीच्या तोंडाशी आली की मी चहा ठेवायचे, ते काय त्यांनी हाक मारली म्हणून? रोजच्या ऐकण्यानेच ना. तसंच हे. अब्राहामाच्या घरची दासी हागार दोनदा रानात जाते, दोन्हीदा देव तिथे पोचतो. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून ‘आता मला मरू दे’ म्हणतो, तेव्हा उपदेश नाही, आधी भाकर आणि पाणी, मग झोप, मग उठवून पुन्हा भाकर. बोलणं फार पुढे, डोंगरावर. हे एका दिवसाच्या वाचनात दिसत नाही. दहा ठिकाणी तेच पाहिलं की ओळख पटते. त्यातली नऊ पानं वाचताना कंटाळाच आलेला असतो.

पप्पा गेल्यावर चार महिने मी पुस्तक उघडलं नाही, हे तुला कधी सांगितलं नाही. तू तेव्हा बारावीला होतास. लोक येऊन वचनं सांगून जायचे, त्यांचा राग यायचा. मग एका सकाळी नुसत्या सवयीने हात गेला आणि ८८ वं स्तोत्र काढलं. बहुतेक स्तोत्रांत शेवटी कुठेतरी आशेचा शब्द येतो, याच्यात येत नाही. अंधारातच संपतं. मंदिरात गाणाऱ्या घराण्याने, कोरहाच्या मुलांनी, ते गायला घेतलं, आणि पुढे कुणी ते काढूनही टाकलं नाही. देवाच्या तोंडावर एवढं बोललेलं चालतं, हे कळल्यावर मी पुन्हा बसायला लागले. महिनाभर तेवढंच वाचलं. कुठल्या ॲपमध्ये बसणार ते?

आता तुझं. तीन-चार अध्याय सोड. एक पुरे, कधी अर्धा. वाच मात्र मराठीत. तुला इंग्रजी पटापट येतं, म्हणूनच म्हणते. पटापट वाचलेलं तसंच निसटतं, मराठीत तुला अडखळावं लागेल. शक्य असेल तर मोठ्याने. कंपनीच्या बसमध्ये नाही, सकाळी बस यायच्या आधी, गॅलरीत. आणि ते डोळे मिटून पान उघडायचं, जिथे बोट पडेल ते आजचं वचन, हे करू नकोस. तुझी मावशी करते, तिला मी काही बोलत नाही. पण लॉटरीचं तिकीट आणि वचनाची चिठ्ठी यांत मला फारसा फरक दिसत नाही.

उद्या लेवीय १४. पहिली वीस वचनं. परवा तिथून उडी मारून थेट नव्या करारात, मार्क १. पंचेचाळीस वचनं आहेत, चाळिसाव्यापासून हळू वाच. तिथे एक कुष्ठरोगी येतो, येशू आधी हात पुढे करून त्याला शिवतो आणि मग म्हणतो, ‘माझी इच्छा आहे, शुद्ध हो.’ मग त्याला सांगतो, जा, याजकाला दाखव, मोशेने सांगितलेलं अर्पण कर. ते अर्पण कोणतं, हे आता बसमधल्या कुणालाही माहीत नसेल, तुला असेल. आणि शेवटच्या वचनात, तो माणूस गावभर सांगत सुटल्यावर, बाहेर ओसाड जागी कोणाला राहावं लागतं ते बघ. मी सांगत नाही.

वाचून झालं की फोन कर. आठनंतर कर, आधी नको, साडेसातला स्त्री मंडळाची प्रार्थना माझ्याकडे आहे. डबा घेऊन येणाऱ्या मुलाबरोबर शेवग्याच्या शेंगा आणि तिळाची चटणी पाठवलीय. चटणी फ्रीजमध्ये ठेवू नकोस, चिकट होते.

तुझी,
मम्मी